प्रकरण नववे : टेबलाखाली कोणी जावे

पृथ्वी गोल आहे हे खरं, पण पाठ्यपुस्तक ज्या देशात छापतात त्या देशाकडं ती जराशी झुकलेली असते. भूशास्त्राची तोंडओळख करून देणारं जे परदेशी पुस्तक आमच्या संस्थेनं रीतसर परवानगी काढून घेतलं, त्यातली पृथ्वी तर पार बर्फात रुतली होती. तिला ओढून बिदर-कलबुर्गीच्या मराठी शाळांपर्यंत आणावं म्हणून 'देशीकरण समिती' नेमण्यात आली. मी तिचा सदस्य-सचिव. (मानधन नाही. चहा आहे.)

अध्यक्ष अनिलकुमार, म्हणजे आमचे संस्थाचालक. दुसरे जगदेवप्पा, कलबुर्गीत तूरडाळीची गिरणी चालवल्यामुळं त्यांना दगडांची चांगली पारख होती. तिसऱ्या धनलक्ष्मी मॅडम. त्या भूशास्त्र शिकलेल्या होत्या, पण हे आम्ही कधी त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं नाही.

कामाचा धडाका काय वर्णावा! खडकांचे थर समजावायला मूळ पुस्तकात केक होता. आम्ही कडक भाकरींची चळत घातली. सगळ्यात खालची सगळ्यात जुनी, हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. ज्वालामुखी मादन हिप्परग्यालाच झाला पाहिजे, असा जगदेवप्पांचा आग्रह. (सासुरवाडी.) मॅडम म्हणाल्या, "अप्पा, इथला लाव्हा जमिनीच्या भेगांतून आला, डोंगर फुटून नव्हे." मत घेतलं. ज्वालामुखी बहुमतानं फुटला.

हिमनदीच्या जागी आम्ही तालुक्याच्या रस्त्याचं काम घातलं. मॅडमनी परत हात वर केला. "सर, हिमनदी पुढं सरकते." हरकत योग्य होती. तळटीप दिली.

अडलं ते नवव्या प्रकरणात, भूकंपात. मूळ पुस्तकात म्हटलं होतं, जमीन हलू लागली की प्रत्येकानं आपापल्या टेबलाखाली शिरावं. आमच्या सिरसाखेळच्या शाळेत पोरं सतरंजीवर बसतात. टेबल एकच, मुख्याध्यापकांचं.

त्यातच त्या गावच्या रेणुकाबाई थेट बैठकीत आल्या. त्यांची दोन नातवंडं त्याच शाळेत. "सर, भुईतनं गुडगुड आवाज यायलाय. मांडणीवरली भांडी हलायलीत. शाळंवर नुसत्या फरशा टाकलेलं छत हाय. लेकरांनी कुठं पळायचं, तेवढं लिवा की पुस्तकात."

"सोपं आहे अक्का," मॅडम म्हणाल्या. "मोकळ्या मैदानात पळा, असं लिहू."

अध्यक्षांनी चहा मागवला. मैदानावर संस्थेनं दुकानाचे गाळे काढले होते. (विद्यार्थ्यांच्याच हितासाठी. एक गाळा झेरॉक्सचा आहे.) जे जागेवर नाही ते पुस्तकात घालणं म्हणजे देशीकरणाच्या मूळ तत्त्वालाच हरताळ. अनिलकुमारांनी हे शांतपणे समजावून सांगितलं.

"मग माझ्या तुरीत या म्हणा. शाळंच्या मागंच हाय. कुंपण काढते मी."

"खाजगी मालमत्ता छापता येत न्हाई, अक्का," जगदेवप्पा म्हणाले.

"कामून न्हाई?" असं विचारून त्या तशाच निघाल्या. चहा त्यांनी घेतला नाही.

शेवटी मजकूर असा ठरला : 'भूकंपसमयी विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांच्या टेबलाखाली जावे.' टेबल मोजून पाहिलं. दाटीवाटीनं पाच मावतात, पट बासष्ट. म्हणून आधी पहिलीतले, त्यातही हजेरी चांगली असलेले, असा क्रम लावला. उरलेल्यांनी 'पुढील धक्क्याची वाट पाहावी.' मॅडमनी त्यावर सही केली नाही. स्वभावच तसला.

प्रकाशन सिरसाखेळलाच ठेवलं. मुख्याध्यापकांचं टेबल पुढं, त्यावर मखमली कापड, मागं आम्ही, समोर सतरंजीवर पोरं. अनिलकुमार म्हणाले, "आपली ही भूमी फार स्थिर आहे," आणि भूमी हलली.

पोरांच्या हातात पुस्तक अजून पडलं नव्हतं. गठ्ठे सोडायचेच होते. त्यामुळं ती अडाण्यासारखी मागच्या दारानं तुरीत पळाली. सगळ्यात लहान पोरगी मॅडमच्या काखेत. कुंपण कधीच काढलेलं होतं.

टेबलाखाली अध्यक्ष, जगदेवप्पा, मी आणि प्रमुख पाहुणे. पाचवं कोण होतं ते कापडाच्या अंधारात कळलं नाही, पण आम्ही पाचच मावलो. हिशेब तंतोतंत निघाला!

छताची एक फरशी पडली. आम्ही वाकून बाहेर पाहिलं तर ती सतरंजीच्या मधोमध होती, जिथं पहिलीचा वर्ग बसला होता. खोटं कशाला बोलू, मी डोकं परत कापडाआड घेतलं.

बाहेर रेणुकाबाई पोरांची डोकी मोजत होत्या. तूर पार तुडवली गेली होती. नातू सापडला तेव्हा त्यांनी त्याला आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरून हुंदके देत बसल्या. आम्ही कपडे झटकत पोहोचलो. त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "टेबल कसं हाय सर? सुखरूप हाय न्हवं?"

मी सुखरूप आहे असं सांगितलं. अहवालातही तेच लिहिलं : टेबलाखाली गेलेले शंभर टक्के वाचले, सबब मजकूर कायम. तुरीत पळालेल्यांना ताकीद.

आता तुम्ही हसत असाल, तर हसून घ्या आणि मग खिडकीतून खाली बघा. तुमच्याही बिल्डिंगपुढं पोरांना खेळायला मोकळी जागा होती ना? तिथं पार्किंग करायचं ठरलं, तेव्हा ठरावावर तुमची सही आहे. म्हणजे आमचं नववं प्रकरण तुम्हालाही लागू. एकदा डायनिंग टेबलाखाली शिरून बघा, घरातले सगळे मावतात का. आणि वरची काच जरा सांभाळून.