कारापुरातील तोल-रक्षण

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता कारापूरच्या सभागृहात, तोल सांभाळायला शिकवणाऱ्या वर्गात, नऊ ज्येष्ठ नागरिक, त्यांचे अठरा गुडघे (पैकी चौदा झिजलेले), बावीस खुर्च्या आणि ज्येष्ठांना धरायला आलेले तेरा नातेवाईक होते. नातेवाईक आपणा वाचकांसारखेच होते: प्रेमळ, शिकलेले, दिवसभर बसून काम करणारे. म्हाताऱ्या माणसाचा तोल ही इतकी गंभीर बाब आहे की ती त्याच्या स्वतःच्या पायांवर सोडता येत नाही, यावर त्यांचं एकमत होतं.

एकाहत्तर वर्षांच्या चंद्रावतीला पौषात मांडावर, गावच्या पवित्र अंगणात, बायकांच्या धालो नाचाच्या रांगेत नाचायचं होतं. मुलगा साईशने मांडाच्या कडेला बसण्यासाठी तिला गादीची खुर्ची आधीच घेतली होती. (बसण्याचा सराव व्हावा म्हणून ती तो वर्गातही आणी.) वर्गाच्या शेवटी, शनिवारी होणाऱ्या चाचणीत आई दहा सेकंद एका पायावर राहिली तर रांग, नाहीतर खुर्ची, असं घरात ठरलं होतं.

व्यायाम साधा होता. समोरच्या खुर्चीला बोट टेकवायचं, एक पाय उचलायचा, मग बोट काढायचं. फिजिओथेरपिस्ट सिद्धी "पाय वर" म्हणाली की साईश एका हाताने आईचा दंड धरी आणि दुसऱ्या हाताने मागून गादी सरकवी. बाकीचेही प्रेमात कमी नव्हते. पाच दिवसांत एकही ज्येष्ठ पडला नाही. (एकही उभा राहिला नाही, पण अहवालात तो रकाना नव्हता.) वर्ग भरवणाऱ्या समितीने तो शंभर टक्के सुरक्षित असल्याचं जाहीर करून स्वतःचं अभिनंदन केलं.

शनिवारी चंद्रावतीने सिद्धीला बाजूला घेतलं. "बाय, ह्या लोकांचे हात खंय तरी गुंतव."

सिद्धीने लगेच नियम सांगितला: ज्येष्ठांना धरण्याची पात्रता सिद्ध करण्यासाठी नातेवाइकांनीही सोबत चाचणी द्यावी; सबब सर्वांनी मागच्या ओळीत, हात कमरेवर. पात्रतेचाच प्रश्न आल्यावर कोण मागे हटणार?

"आई, भियू नको गो. मी असां मागे," साईश म्हणाला.

"जाणां रे. तू पडू नको म्हणजे झाला."

सिद्धीने शिट्टी वाजवली. बावीस पाय उचलले गेले.

चंद्रावती, वय एकाहत्तर: तेरा सेकंद.

साईश, वय एक्केचाळीस: चार सेकंद, त्यापुढे गादीची खुर्ची.