न रडणारं मूल

चिकनगुनियाचा ताप उतरला, पण अश्लेषाचे गुडघे काही ऐकेनात. फुलपाड्यातल्या त्या बिनलिफ्टच्या इमारतीत ती चौथ्या मजल्यावर दिवसभर एकटी. नवरा कौस्तुभ उजाडताच कामावर जायचा आणि दीड वर्षाची उन्नती महिनाभर चिपळूणला आजीकडे होती. तिला कडेवर घेऊन चार मजले चढता आले, की आणायचं असं ठरलं होतं. म्हणून रोज दुपारी अश्लेषा कानाला स्कार्फ बांधायची, पाच किलो दळणाची पिशवी उन्नतीच्या दुपट्यात गुंडाळून कडेवर घ्यायची आणि जिना चढायची. प्रत्येक मजल्यावर बसायची. पिशवीला थोपटायची सवय कधी लागली, ते तिलाही कळलं नाही.

बुधवारी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी आत्मारामकाकांचा मेसेज आला. 'सावधान. दुपारी जिन्यात अनोळखी बाई मूल घेऊन बसते. मूल अजिबात रडत नाही. गुंगीचं औषध दिलेलं असावं.'

दाराला दोन्ही कड्या घालून अश्लेषाने कौस्तुभला फोन लावला.

"ती बाई सापडेपर्यंत उन्नतीला आणायचं नाही हां," तो म्हणाला.

झालं, व्यायामही बंद. पण काकांनी बायकांच्या जोड्या लावून पहारा सुरू केला आणि गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रेसीआंटी दारात हजर. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"चल गो, चोर पकडायला. एकटीला मला चढवत नाय."

दोघी खाली जायच्या, वर यायच्या. पाचूबंदरच्या माहेरापासून दुबईतल्या लेकापर्यंत, ग्लेनपर्यंत आंटींनी सगळं सांगून टाकलं. शनिवारी तिसऱ्या फेरीला अश्लेषाच्या ध्यानात आलं, की आज आपण कुठेच बसलो नाही.

तेवढ्यात काकांनी कॅमेऱ्यातला मंगळवारचा फोटो टाकला. पाठमोरी बाई. स्कार्फ ओळखीचा, गाऊन ओळखीचा, दुपटं तर उन्नतीचंच. इमारतीत कुणी आपल्याला ओळखलं नाही याचं वाईट वाटून घ्यावं, की आपणही ओळखलं नाही याचं, ते अश्लेषाला ठरवता येईना.

"आंटी, ही मीच आहे," ती हळूच म्हणाली. "ते मूल म्हणजे पीठ आहे."

"माहितीय. माझ्या दारात सांडायचं ना. केर मीच काढायची."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू परत दार लावून बसली असतीस. नि मी पन."

"पण ती सापडल्याशिवाय उन्नती येणार नाही हो."

"नवऱ्याला सांग, सापडली. आत्मारामला नको सांगू, पहारा बंद करील तो." आंटी कठडा धरून पुढची पायरी चढल्या. "सोमवारी पोरीला घेऊन ये खाली. तिघी मिळून शोधू."