लिफ्टमधला कळवळा

कला सर्वांसाठी असते, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. वाद असतो तो ती कितव्या मजल्यावर ठेवावी, एवढाच. शहरातल्या कलासंग्रहालयाने ती तिसऱ्या मजल्यावर ठेवली आणि माणुसकीला जागून दिव्यांगांसाठी लिफ्ट बसवली. योजना कमालीची यशस्वी ठरली. पहिल्याच महिन्यात नऊ हजार लोकांनी लाभ घेतला. (त्यात दिव्यांग किती, हे मोजणं भेदभावाचं दिसलं असतं, म्हणून मोजलं नाही.) जिना इतका ओस पडला की संचालकांनी पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या.

चित्रकलेच्या निवृत्त बाई चाकाच्या खुर्चीतून आल्या, तो प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. त्यांच्या थोरल्या बहिणीने जन्मभर चित्रं काढली. ती गेल्यावर त्यातलं एक इथे लागलं होतं. तेवढं बाईंना डोळे भरून पाहायचं होतं. खुर्ची ढकलायला ताईची मुलगी होती.

लिफ्ट तळघरातल्या पार्किंगमधून भरूनच वर यायची. दार उघडायचं, आतले सगळे कळवळायचे, दार मिटायचं. असं चारदा झालं.

पाचव्यांदा आतून कुणी म्हणालं, "अरेरे! या ना, या ना." जागचं मात्र कुणी तसूभर हललं नाही.

"मी उतरलो असतो हो," टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "पण माझ्या एकट्याच्या जागेत तुमची खुर्ची थोडीच मावणार?"

हिशेब बिनचूक होता. प्रत्येकाने मनाशी करून पाहिला. उत्तर तेच आलं.

बाईंनी खुर्ची पुढे रेटली आणि पाय ठेवायची फळी दारात घातली. दार मिटेना.

"मावशी, अगं काय करतेस!"

"काही नाही. वाट बघतेय."

आतल्या कळवळ्याला घाम फुटला. "अहो बाई, दुसऱ्यांचाही जरा विचार करा!"

संचालक कुंड्या ओलांडत धावत खाली आले. "बाई, ही लिफ्ट खास तुमच्यासाठी आहे," ते हात जोडून म्हणाले, "आणि तुम्हीच ती अडवताय?"

बाईंनी पिशवीतून कागद आणि कोळसा काढला आणि समोरची माणसं रेखाटायला घेतली. माणसांनी आधी तोंडं लपवली, मग कॉलर नीट केल्या. एकाने चेहऱ्याची बरी बाजू पुढे केली. आता तर कुणी उतरेना. चित्र बिघडलं असतं.

बंद व्हायची घंटा झाली. ताईचं चित्र पाहायचं राहिलंच.

"तुझ्या आईने हात छान काढले असते," परत जाताना बाई भाचीला म्हणाल्या. "मला चेहरेच तेवढे जमतात."

दुसऱ्या दिवशी ताईचं चित्र गोदामात गेलं. रिकाम्या झालेल्या खिळ्यावर, बाईंकडून सन्मानाने मागून आणलेलं ते रेखाटन 'सर्वसमावेशकता' या नावाने लावण्यात आलं. बाईंनी ते तिथे लागलेलं अजून पाहिलेलं नाही. बाकी गर्दी उसळते. टोपीवाल्यांच्या खांद्याआडून डोकावणारा चेहरा कुणाचा, यावर बरीच चर्चा होते. आपण एकदा जाऊन पाहाच. फारच ओळखीचा वाटेल. जिना चढायचा त्रास घेऊ नका. लिफ्ट आहे.