लाल की पिवळी?

"रविवारी संध्याकाळी सातच्या आत आपल्या बिल्डिंगखाली माझी स्पोर्ट्स कार उभी असेल! लिहून घ्या!"

सौरभने हे जाहीर केलं तेव्हा ऐकायला घरात दोनच माणसं होती. आई, म्हणजे रत्नप्रभाबाई, लसूण सोलत होत्या आणि आजोबा, म्हणजे दत्ताराम तात्या, टीव्हीवर जुनी मॅच बघत होते. वडील बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. त्यामुळे विरोध करण्याचं सगळं खातं आईकडेच होतं.

"स्पोर्ट्स कार म्हणजे रे?"

"म्हणजे... छोटी गाडी गं, आई."

हे काही अगदी खोटं नव्हतं. दोनच सीट असलेल्या गाडीला मोठी कोण म्हणेल?

सौरभ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तीन वर्षं लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करून त्याने पैसे साठवले होते. अनोळखी नवऱ्यामुलीच्या रडण्यामागे सनई लावायची, नवऱ्याच्या मामाचा नाच कापायचा आणि मामाचा फोन आला की तो परत जोडायचा! अशा घामाच्या पैशात नवी स्पोर्ट्स कार यायची नव्हती. पण जुनी, म्हणजे जिला फार प्रश्न विचारायचे नाहीत अशी, नक्की बसत होती. आणि तशा दोन त्याने हेरल्या होत्या.

पहिली साकीनाक्याच्या एका गॅरेजमध्ये. लालभडक, दोन दारांची आणि वरचं छप्पर कापडी, बटण दाबलं की छत्रीसारखं मिटणारं. दुसरी बोरिवलीच्या उत्तरा मॅडमची. पिवळीधमक, मागे विमानासारखा पंख, आवाज असा की बिल्डिंगमधली कुत्री उठून उभी राहावीत. रात्री झोपताना सौरभला लाल हवी असायची आणि सकाळी दात घासताना पिवळी. मित्र सुबोधच्या डोक्याचं त्याने पार भरीत केलं होतं.

"लालला बघितलं ना, की छातीत धडधडतं रे."

"मग लाल घे."

"पण पिवळीचा पिकअप!"

"मग पिवळी घे ना, यार!"

"तुला ना, गाड्यांमधलं काही कळतच नाही."

शेवटी ठरलं. रविवारी दुपारी साकीनाक्याला जाऊन लाल चालवून बघायची. संध्याकाळी उत्तरा मॅडम स्वतःच पिवळी घेऊन दहिसरला सौरभच्या घरी दाखवायला येणार होत्या. मग निर्णय!

रविवारी निघताना आईने तात्यांना शर्ट इस्त्री करून दिला.

"तात्या, तुम्ही जा त्याच्याबरोबर. काही भलतंसलतं उचलायला लागला तर अडवा."

"अडवतंय," तात्या म्हणाले. तात्यांचं अर्धं आयुष्य गिरणीत आणि अख्खं आयुष्य मुंबईत गेलं. पण मनातलं बोलायची वेळ आली की जिभेवर मालवणीच यायची.

गॅरेजचे मालक भाऊराव म्हणजे रोखठोक माणूस. त्यांनी गाडीवरचं झाकण ओढलं, बटण दाबून छप्पर मिटवलं आणि लाल गाडी उन्हात अशी चमकली की सौरभने बोट लावण्याआधी हात पँटला पुसले. सोबत आलेला सुबोध मात्र गाडीभोवती फिरत सौरभची तीन महिने ऐकलेली सगळी वाक्यं भाऊरावांना ऐकवत सुटला. धडधड काय, बॅलन्स काय, टर्निंग काय!

"सीट बघून घ्या आधी," भाऊराव म्हणाले. "लय खाली आहे. सगळ्यांना जमत नाही."

"मी बघतंय," म्हणत तात्या पुढे झाले. सुनेने दिलेली कामगिरी चोख पार पाडायची, तर आधी शत्रूच्या गोटात शिरायला नको का? त्यांनी एक पाय आत टाकला, दाराला धरलं, देवाचं नाव घेतलं आणि स्वतःला सोडून दिलं. विहिरीत बादली पडावी तसे तात्या धप्पकन आत गेले!

"कसली गाडी रे ही! जमनीर बसल्यासारख्या वाटता."

"आवडली ना, आजोबा? बरं, आता उतरा. मी चालवून बघतो."

तात्यांनी उतरण्यासाठी जोर केला. मग त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. मग त्यांनी जो आवाज काढला, तो ऐकून शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मशीन बंद केलं.

"काय झालं, आजोबा?"

"उसण भरली रे झिला! माका उठूक येना नाय!"

सौरभने उजवा हात ओढला, सुबोधने डावा. तात्या "मेलंय, मेलंय!" म्हणून ओरडले. भाऊरावांनी पाठीमागून काखेत हात घालून उचलायला बघितलं. तात्यांनी त्यांच्या सात पिढ्यांची मालवणीत विचारपूस केली. शेवटी तिघंही घाम पुसत बाजूला झाले.

"इथे कोपऱ्यावर डॉक्टर आहेत," भाऊराव म्हणाले.

"माझी डॉक्टरीण दहिसरास आसा," तात्या म्हणाले. "दुसऱ्या कोणाचो हात मी लावून घेवचंय नाय!"

दहिसरला बिल्डिंगखालीच दवाखाना असलेल्या डॉक्टर संघमित्रा या जगातल्या एकमेव डॉक्टर आहेत, अशी तात्यांची श्रद्धा होती. आता गाडीतून तात्या निघत नाहीत म्हटल्यावर तात्यांसकट गाडीच दहिसरला नेणं भाग होतं. पण भाऊराव गाडी अशी कशी सोडतील? त्यांना सोबत घ्यावं, तर सीट दोनच!

"एक काम करा," भाऊराव म्हणाले. "गाडी घेऊन जा, तुमचा एक माणूस इथे ठेवा. गाडी आली की माणूस परत."

सगळ्यांनी सुबोधकडे बघितलं.

"अरे! मी काय गहाणाची बांगडी आहे का?" सुबोध ओरडला. पण तोवर भाऊरावांनी त्याच्यापुढे स्टूल आणि कटिंग चहा ठेवलाही होता.

पंपावर थांबून सौरभने पेट्रोल भरलं, कारण टाकीत नुसता वास होता. मग हायवे लागला. सौरभ गाडी अशी चालवत होता, जशी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालतात. खड्डा दिसला की तोच आधी "आई गं" म्हणायचा. तात्या डोळे घट्ट मिटून, टोपी दोन्ही हातांनी धरून बसले होते. गोरेगाव आलं. बाजूच्या बसमधल्या शाळकरी पोरींनी खिडकीतून हात हलवले. तात्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग टोपीवरचा एक हात काढून त्यांनीही हलवला.

"दुखतंय का हो फार?"

"दुखता ना," तात्या म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "पण तू जरा जोरान घे रे. रिक्षावालो ओव्हरटेक करून गेलो. लाज नाय तुका?"

दहिसरला पोचले तर दवाखान्याला कुलूप. रविवारी डॉक्टर संघमित्रा पाचनंतर यायच्या.

"मी हयच बसतंय," तात्या म्हणाले. "तू वरसून शेकाची पिशवी घेवन ये."

सौरभ वर धावला. आई बाजारात गेली होती. रबरी पिशवी सापडेना, सापडली तर तिचं बूच सापडेना, बूच सापडलं तेव्हा गॅस सिलिंडर संपला. सौरभ वर सिलिंडरशी झटापट करत होता, तेव्हा खाली इतिहास घडत होता.

पहिल्या मजल्यावरच्या शीतलवहिनींनी गॅलरीतून बघितलं. लाल गाडी! आत तात्या! टोपी, इस्त्रीचा शर्ट!

"अगंबाई, तात्यांनी गाडी घेतली!"

पाच मिनिटांत अर्धी बिल्डिंग खाली. तात्यांनी "हो"ही म्हटलं नाही आणि "नाही"ही म्हटलं नाही. नुसते मंद हसले. पंचवीस माणसं आपल्याकडे कौतुकाने बघत असताना 'ही गाडी माझी नव्हे, मी हिच्यात अडकलोय' असं कोण सांगेल? शीतलवहिनींनी बॉनेटवर हळदकुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकापुढे नारळ फोडला आणि झेंडूचा हार आणला. हार अडकवायला गाडीवर जागा सापडेना, तेव्हा त्यांनी तो तात्यांच्याच गळ्यात घातला. "मान तुमचाच, तात्या!" मग सगळ्यांनी गाडीला दृष्ट लागू नये म्हणून हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. एवढ्या हायवेच्या वाऱ्याने तात्यांना आधीच पेंग आली होती. त्यांचीही मान मागे कलली, तोंड किंचित उघडलं आणि ते झोपी गेले.

आणि नेमक्या त्याच वेळी रत्नप्रभाबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फाटकातून आत आल्या.

त्यांना काय दिसलं? बिल्डिंगची माणसं माना खाली घालून, हात जोडून गप्प उभी. मध्ये तात्या. डोळे मिटलेले, तोंड उघडं, गळ्यात हार!

"तात्याऽऽऽ!"

पिशव्या पडल्या. कांदे चेक नाक्याच्या दिशेने निघाले. त्या हंबरड्यासरशी तात्या गाडीत असे ताडकन उभे राहिले की छप्पर बंद असतं तर टोपीसकट आरपार गेले असते!

"काय झाला? कोण गेला?" तात्या ओरडले.

रत्नप्रभाबाई पायरीवर मटकन बसल्या. सौरभ पिशवी घेऊन धावत खाली आला, तर आजोबा सीटवर सरळ उभे.

"आजोबा! तुमची उसण?"

तात्यांनी कमरेला हात लावून बघितलं. मग सगळ्यांकडे बघितलं. मग हार जरा सारखा केला.

"ती गोरेगावाकच गेली होती रे," ते हळूच म्हणाले. "पण उतराक मन होईना."

सौरभ काही बोलणार, इतक्यात फाटकातून घरघराट आला आणि पिवळी गाडी आत शिरली. उत्तरा मॅडम, पन्नाशीच्या, पांढऱ्या बॉबकटवर काळा गॉगल, उतरल्या. हार घातलेले आजोबा, पायरीवर रडणारी बाई, पांगलेले कांदे. त्यांनी गॉगल काढला.

"सॉरी. मी चुकीच्या वेळी आले का?"

"नाही नाही, सगळे जिवंत आहेत!" सौरभ म्हणाला.

उत्तरा मॅडमनी रत्नप्रभाबाईंना हाताला धरून उठवलं. "घाबरल्यात हो तुम्ही. चला, माझ्या गाडीत एसीत बसा जरा." बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "एक चक्कर मारूया का? बरं वाटेल."

ती एक चक्कर तासभर चालली. सौरभ फाटकाशी उभा. घरघराट परत आला तेव्हा आईचा अंबाडा सुटला होता, गाल लाल झाले होते, ती खळखळून हसत होती आणि डोळ्यांवर उत्तरा मॅडमचा गॉगल होता!

"आई, कशी वाटली? घेऊया का?"

"घेऊया काय? मी त्यांना सांगितलं, अजिबात विकू नका!"

"काय?"

"अरे, मुलगी कॅनडाला गेली, शेजारच्या सीटवर बसायला कुणी नाही, म्हणून विकायला निघाल्या होत्या. म्हटलं, मी आहे की! पुढच्या रविवारी आम्ही वसईला जातोय, तिथली सुकवलेली केळी, सुकेळी, आणायला."

उत्तरा मॅडम ओशाळून हसल्या. "रागवू नकोस हं, सौरभ."

सौरभ काय रागावणार? आईला असं खळखळून हसताना त्याने वडील बोटीवर गेल्यापासून बघितलं नव्हतं. शिवाय मन कसं असतं बघा, पिवळी हातची गेली त्याच क्षणी त्याला उमगलं की आपलं खरं प्रेम पहिल्यापासून लालवरच होतं! उगीच तीन महिने वाया घालवले. त्याने भाऊरावांना कळवण्यासाठी फोन काढला, तोच सुबोधचा फोन आला.

"सौऱ्या! झकास बातमी! भाऊरावांनी मला नोकरीच दिली! दर शनिवार-रविवार!"

"कसली नोकरी?"

"अरे, इथे बसून कंटाळा आला, म्हणून आलेल्या एका गिऱ्हाईकाशी बोलत बसलो. फोटो दाखवले, तू म्हणतोस ते सगळं सांगितलं, धडधडबिडधड. माणूस इतका पेटला की न बघताच पूर्ण पैसे देऊन मोकळा!"

"कुठली गाडी, सुबोध?"

पलीकडे स्टूल आडवं पडल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक आवाजात, "अरे देवा... सौऱ्या, लाल."

दुसऱ्याची झालेली गाडी परत पोचवायला सौरभ निघाला, तेव्हा शेजारच्या सीटवर तात्या आधीच बसले होते. कांदिवलीजवळ तात्यांनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि साकीनाक्यापर्यंत तो काढला नाही.

गॅरेजच्या दारात नवे मालक वाटच बघत होते. लठ्ठ, हसरे गृहस्थ. बॉनेटवरचं स्वस्तिक बघून त्यांना गहिवरूनच आलं.

"वा! पूजासुद्धा करून आणलीत! याला म्हणतात सर्व्हिस!"

सौरभ उतरला. किल्ली त्यांच्या हातात देताना बोटं सुटेनात, तेव्हा त्या गृहस्थांनी प्रेमाने सोडवून घेतली. वर खिशातून पन्नासची नोट काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"घे रे. चहा पी. सांभाळून आणलीस हं गाडी."

सौरभचे कान गाडीपेक्षा लाल झाले. "नाही, म्हणजे मी ड्रायव्हर नाही, मी स्वतः..." स्वतः कोण?

मागून तात्यांचा आवाज आला.

"घे रे झिला, घे! पेट्रोल आपण भरलेला आसा!"

सौरभने नोट घेतली. आणि अजूनही तो हे कुणाला सांगत नाही, पण घेताना त्याने सलामही ठोकला.