मोहिते वकिलांची रंगीत तालीम

आमच्या शेजारच्या मोहिते वकिलांनी म्हैसुरातल्या निम्म्या सरस्वतीपुरमला एकेकदा तरी मारलेलं आहे. उरलेल्या निम्म्यानं अपॉइंटमेंट घेऊन ठेवली आहे. दचकू नका. मेलेले सगळे मजेत आहेत. सकाळी दुधाच्या बूथवर भेटतात, फिल्टर कॉफी पितात आणि आपलं मरण कसं छान झालं याच्या गप्पा मारतात.

मोहित्यांचा धंदा मृत्युपत्रं करण्याचा. गाव त्यांना 'लॉयर सार', म्हणजे वकीलसाहेब, म्हणतं. आता मृत्युपत्र म्हटलं की दुसरा वकील काय करतो? घर कुणाला, शेत कुणाला, दागिने कुणाला, एवढं विचारतो, लिहितो आणि सही घेतो. लॉयर सारांना ही पद्धत म्हणजे रोग्याला न तपासता गोळ्या देण्यासारखी वाटते. ते अशिलाला आधी मारतात. त्यांच्या हॉलमध्ये एक दिवाण आहे. अशिलानं त्यावर उताणं पडायचं, डोळे मिटायचे, हात पोटावर ठेवायचे. मुलाबाळांनी समोर सतरंजीवर बसायचं, बाप गेला असं समजायचं आणि वाटणी सुरू करायची. मेलेल्यानं सगळं ऐकायचं, पण बोलायचं नाही. हसायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. भांडण पुरतं आटोपलं की लॉयर सार टाळी वाजवतात आणि कानडीत म्हणतात, "आय्तु, एळ्री." झालं, उठा. मग मेलेला माणूस उठतो, कॉफी पितो आणि आता कुणाला काय द्यायचं ते त्याला स्वच्छ कळलेलं असतं.

या तालमींचा कायमचा साक्षीदार मी. मृत्युपत्राला असा साक्षीदार लागतो, ज्याला त्यातून काही मिळणार नाही. मला आजवर कुणी काही ठेवलेलं नाही आणि पुढे ठेवेल अशी चिन्हं नाहीत, त्यामुळे माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही असं लॉयर सारांचं मत आहे. मी निवृत्त मास्तर, म्हणून ते मला 'मेष्ट्रे' म्हणतात. कंपाउंडवरून हाक येते, "मेष्ट्रे, स्वल्प या. एक मेलाय." मी ताटावरून उठून जातो.

माणूस दिसायला काडीसारखा. पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे, आणि ते रक्त अजून गेलेलं नाही. स्कूटरवर बसताना मोहिते आधी रिकीब शोधल्यासारखा पाय हवेत हलवतात. कोट इतका जुना की काळा रंग झिजून आता त्याला आरशाची चकाकी आली आहे. कोर्टाच्या आवारातली कबुतरं त्यांच्या पाठीत पाहून पिसं नीट करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लग्नाला गेले की अक्षता टाकून झाल्यावर नवरदेवाच्या कानात नॉमिनी कोण म्हणून विचारतात. बारशाला गेले तर पाळण्यात वाकून बाळाकडे असं बघतात की आईनं झटकन पदर घालावा.

पण तालमीत मात्र त्यांचा हात धरणारा नाही. एकदा कृष्णराजनगरहून पुट्टस्वामप्पा नावाचे भातशेतीवाले आले. तीन मुलं. पुट्टस्वामप्पा दिवाणावर पडले आणि मुलांनी इतक्या गोडीनं वाटणी केली की मला झोप यायला लागली. कालव्याकडची जमीन तू घे अण्णा, नको रे तूच घे. लॉयर सार अस्वस्थ. असली गोडी त्यांना तापासारखी वाटते. त्यांनी इकडेतिकडे बघत सहज विचारलं, की आईचा तो इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा कुणाकडे जाणार?

झालं. पुढचा तासभर तिथे जे युद्ध पेटलं त्यात सतरंजीचे चार तुकडे झाले. थोरल्या सुनेनं त्या रगड्यावर बारा वर्षं पीठ वाटलं होतं, मधलीला तो सासूनं तोंडी दिला होता, धाकटीच्या मते तो तिच्या माहेरून आला होता. शेवटी मेलेले पुट्टस्वामप्पा ताडकन उठून बसले आणि गरजले. लॉयर सारांनी त्यांना खांदा धरून परत आडवं केलं. "सार, तुम्ही गेलायत. सुम्ने, गप्प पडा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघा मेष्ट्रे. जमिनीवरून कोर्टात जातात, ते रगड्यावरून आधीच फिस्कटलेलं असतं म्हणून. रगडा मिटला की जमीन मिटते. अष्टे, एवढंच."

आणि खरंच मिटली. तिन्ही सुना पाळीपाळीनं रगडा वापरतील असं विलमध्ये रीतसर लिहिलं गेलं. मी साक्षीदार आहे.

दुसरे एक पोस्टमास्तर तर तालमीत गाढ झोपी गेले. घोरणं थांबलं तशी त्यांच्या सुनेला वाटलं की खरंच गेले, आणि तिनं असा हंबरडा फोडला की समोरच्या शाळेनं सुट्टी जाहीर केली. पोस्टमास्तर जागे झाले, सून रडतेय हे पाहिलं आणि आपली लाडकी वीणा तिथल्या तिथे तिच्या नावावर केली.

असा हा माणूस. सगळ्या गावाची मृत्युपत्रं केली, स्वतःचं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. गेल्या हिवाळ्यात स्कूटरला किक मारताना छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन ठरवलं. माझी बायको रुक्मिणी त्यांना डबा देते, त्या हक्कानं तिनं सरळ विचारलं, तुमचं विल कुठाय?

लॉयर सार पोळीचा तुकडा मोडत राहिले. तालमीशिवाय विल करत नाही मी वैनी, म्हणाले, आणि तालमीला वारस लागतो. मग साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं म्हणाले, "कायद्यानं एकच वारस आहे. अक्का. ती येणार नाही."

अक्का म्हणजे थोरली बहीण, तुळसाबाई. एच. डी. कोटे या गावी दिलेली. वडील मृत्युपत्र न करता गेले तेव्हा या घराचा अर्धा वाटा तिनं मागितला होता. मोहिते तेव्हा नुकते वकील झालेले, अंगात घोडदळ. त्यांनी बहिणीविरुद्ध असा युक्तिवाद केला की जज्जही खूष झाले. केस जिंकले. त्या दिवसापासून अक्का या दारात आली नाही, की यांनी तिच्या दारात पाऊल टाकलं नाही. मला इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कळलं. बहिणीचा वाटा परत द्यावा म्हणून त्यांचा जीव तुटत होता, आणि ती घेईल का ते विचारायची छाती होत नव्हती. तीही नेमकी आता दुखत होती.

रुक्मिणीनं फोन केला. काय बोलली ते मला सांगत नाही. दोन दिवसांनी रिक्षातून एक वाकलेल्या, ठसठशीत कुंकवाच्या बाई उतरल्या आणि फाटकापाशी उभ्या राहून घराला खालून वर असं निरखू लागल्या की घरानंच ओशाळावं.

लॉयर सारांना तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. ते आधीच जाऊन दिवाणावर पडले होते. डोळे गच्च मिटलेले, हात पोटावर. अक्का सतरंजीवर बसल्या. मी खाकरलो आणि लॉयर सारांच्या पद्धतीनं विचारलं, की हे गेले असं समजा, आता तुम्हाला काय हवं?

अक्कांनी आधी घर बघून घेतलं. भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मग दिवाणापाशी गेल्या आणि भावाच्या दंडाला धरून हलवलं.

"उठ रे. सरक."

लॉयर सारांनी एक डोळा उघडला.

"मी थोरली ना? मग तू आधी कसा जाशील? एवढा शिकलास, एवढं कळत नाही?"

आणि खरोखर त्यांना उठवून त्या स्वतः दिवाणावर आडव्या झाल्या. गुडघे आधी वर, मग हळूहळू सरळ. पदर सारखा केला, हात पोटावर ठेवले. "हं. आता मी मेले. विचारा याला काय पाहिजे."

लॉयर सार आयुष्यात पहिल्यांदा सतरंजीवर बसले. कोट गुडघ्यांवर गोळा झाला. अख्ख्या गावाला जो प्रश्न विचारला, तो आता त्यांच्याच समोर आला. रुक्मिणी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

घर अर्धं तुझं आहे अक्का, ते मी लिहून देतोय, असं काहीतरी ते पुटपुटले. दिवाणावरून उत्तर आलं की घराचं नंतर बघू, तुला काय हवं ते सांग.

"रविवारी," लॉयर सार सतरंजीकडे बघत म्हणाले. "रविवारी जेवायला येऊ का तुझ्याकडे?"

अक्कांनी डोळे उघडले नाहीत. "या रविवारी तू आस्पत्रीत असशील. मीच डबा घेऊन येईन. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की मग तू ये." त्यांनी कूस बदलली. "आणि येताना मार्केटातून रसबाळे केळी आण. डाग पडलेली बघ. तुला कच्चीच चिकटवतात, लहानपणापासून."