बखर गुंजवणीच्या आठ बाटल्यांची

समस्त वाचक मंडळींस दंडवत, विनंती विशेष. गुंजवणी नदीचे काठी, वेल्हे प्रांती, सन दोन हजार पंचवीसचे उन्हाळ्यात इंटर्नशिप नामे जी मोहीम जाहली, तिची हकीकत पुसाल तर महाविद्यालयाचे वार्षिक अहवालात एक फोटो आणि दीड ओळ इतकीच आढळते. फोटोत जे उभे आहेत ते नदीवर गेले नव्हते, आणि जे गेले होते ते फोटोत नाहीत. सबब, घडले ते कोणाची भीड न धरता कलमबंद करितो.

मोहिमेचे सरलष्कर प्रोफेसर हनुमंतराव, पर्यावरणशास्त्राचे मातबर सरदार. जलचरांवर माया ऐसी की तीस वर्षांत एकदाही त्यांचे वाटेस गेले नाहीत. त्यांनी पुण्यास पंख्याखाली बसोन व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान सोडिले की, एप्रिल आणि मे दोन महिने गुंजवणीचे पाणी तपासावे, आणि दर शनिवारी एक याप्रमाणे आठ बाटल्या नमुना आणावा, आणि आठ बाटल्या दाखल झाल्यावाचून कोणास प्रमाणपत्र मिळणार नाही. फर्मान पोचताच वीस उमेदवारांनी अंगठ्याची चित्रे पाठवून निष्ठा कळविली, आणि मग त्यांतील अठरांस एकाच दिवशी ताप भरला.

उरले दोन. एक निलोफर, भोर शहरची. साताऱ्यास एका प्रयोगशाळेत तिची नोकरी नक्की होती, पण पदवीवाचून रुजू होता येत नव्हते, आणि पदवी या प्रमाणपत्रावाचून अडली होती. जूनपर्यंत कागद न आला तर जागा दुसऱ्यास जाणार, ऐसा पेच. दुसरा प्रशिक, वरवे बुद्रुकचा, त्याजकडे मोटारसायकल होती, म्हणोन तो एकटाच मोहिमेचे समस्त घोडदळ.

नदीकाठच्या गावी अक्काबाई म्हणोन वृद्ध बाई, भातशेतीवाल्या, त्यांचे ओसरीवर तळ पडला. दर शनिवारी निलोफरने गुडघाभर पाण्यात उतरावे, आणि बादल्याच्या बादल्या पाणी बारीक जाळीतून गाळावे, आणि तळाशी जे डोळ्यांस न दिसणारे जीव साचतील ते काळपट काचेच्या बाटलीत भरावे, बाटलीस तारखेची चिठ्ठी लावावी, आणि ते नासू नयेत म्हणोन वर आयोडीन टाकावे, मग पाण्यास चहाचा रंग येई. शिवाय वरच्या आणि खालच्या घाटाचे पाणी एकेका औषध घातलेल्या कुपीत भरोन ठेवी. पाणी पिण्यास नालायक असेल तर कुपी काळी पडे. काय काळे पडले आणि काय नाही, ते सर्व वहीत लिहून ठेवी. प्रशिकने विंचवाशी एक आणि गावच्या कुत्र्यांशी दोन लढाया दिल्या, त्यांचा तपशील विस्तारभयास्तव गाळिला आहे.

आठवा शनिवार पार पडला आणि कूच करण्याचा दिवस उगवला. दोघे न्याहारीस बसले असता अक्काबाईंनी फडताळातील बाटल्या आपल्या हाते थर्माकोलच्या पेटीत भरिल्या, आणि पेटी दोरीने बांधोन दिली, आणि डोळ्यांस पदर लाविला. मग दोघे पेटी घेवोन मोटारसायकलीने नसरापुरास दाखल जाहले.

तेथे पुण्याची एसटी धरावी म्हणोन पेटी उतरविली, तो आतून पाणी डचमळेना. सळसळ मात्र ऐकू येई. निलोफरने एक झाकण फिरविले, आणि स्टँडवर आंबेमोहराचा घमघमाट सुटला. मग दुसरे, मग आठही. आठ शनिवारांची नदी गेली, आणि तिचे जागी निवडून, पाखडून तांदूळ भरिला होता.

प्रशिकने तात्काळ फोन लाविला.

पलीकडून अक्काबाई शांतपणे म्हणाल्या, "आरं, ते पानी नासलं व्हतं. पार च्यावानी झालतं. म्या परड्यात वतलं आन बाटल्या राखंनं घासल्या. तुमच्या चिठ्ठ्या तेवढ्या भिजू दिल्या न्हाईत. आन रिकामं भांडं म्या कुनाच्या घरी धाडत न्हाई."

निलोफरला रडू आले, आणि ते तिने एसटीत खिडकीकडे तोंड करोन आवरिले. गेलेला शनिवार परत आणण्याची विद्या कोणत्याही विद्यापीठात नाही.

पुण्यास पोचताच तिने प्रोफेसरसाहेबांपुढे पेटी ठेविली, आणि म्हणाली, "सर, ह्यात पाणी नाही. तांदूळ आहे." आणि सर्व हकीकत सांगितली, काही लपविले नाही. साहेबांनी बाटल्या मोजल्या, चिठ्ठ्या वाचिल्या, आणि हुकूम फर्माविला की, चिठ्ठ्या आठ, झाकणे आठ, सबब नमुने आठ. झाकण उघडल्यास नमुना बाद होतो, म्हणोन कोणी उघडू नये. तिने वही पुढे केली, तेव्हा दुसरा हुकूम जाहला की, फॉर्मात वहीचा रकाना नाही. मग बाटल्या कपाटात गेल्या. तेथे मागील सोळा वर्षांच्या बाटल्या धूळ खात उभ्या होत्या, आणि एकीचेही झाकण कधी उघडलेले दिसेना. त्यांत काय आहे ते त्या त्या गावच्या अक्काबाईंस ठाऊक.

प्रमाणपत्र त्याच दुपारी हाती पडले. नोकरी वाचली. परंतु निलोफरला आनंद व्हावा तो जाहला नाही, उलट संताप आला, आणि आमचे मते तो रास्त होता. दुसरे दिवशी ती वही, प्रमाणपत्र आणि त्याची नसरापुरी काढलेली झेरॉक्स घेवोन परत ओसरीवर आली. अक्काबाईंनी कागद वाचावयास लाविला. त्यात लिहिले होते की, उमेदवाराने गुंजवणीच्या पाण्याचा सखोल अभ्यास केला असून वर्तणूक चांगली आहे.

"आन पान्याचं काय निगालं?"

"त्यात ते नाही, अक्का. वहीत आहे. वरच्या घाटाचं पाणी चांगलं. खालच्या घाटाची कुपी आठही वेळा काळी पडली."

"मंग त्यात नवं काय? तितं समदी म्हसरं धुत्यात. म्या ईस वर्सं वरडतीया, तितलं पानी पिऊ नगा. लेकरांची पोटं बिगडत्यात. पन कोन आयकतंय? पयल्या दिशी मला इचारलं आसतंस, तर म्याच सांगितलं आसतं."

कोणी विचारिले नव्हते, हे खरे.

मग अक्काबाईंनी कागदावरील निळ्या गोल शिक्क्यावर बोट ठेवोन मसलत दिली, "ह्याच्याखाली लिव. न्हाई तर ह्यो बी आडाणी बाईचाच कागद व्हईल."

अस्सल कागद पिशवीत राहिला, आणि झेरॉक्सवर शिक्क्याखाली ठळक अक्षरांत लिहिले गेले की, खालच्या घाटाचे पाणी पिऊ नये. ती पिठाचे गिरणीचे दारावर चिकटविली. लोकांनी शिक्का पाहिला, खालची ओळ वाचिली, वरची कोणी वाचिली नाही. तिसरे दिवसापासोन गावचे हंडे वरच्या घाटास वळले.

येणेप्रमाणे गुंजवणीची मोहीम फत्ते जाहली. विजयाची नोंद ऐसी: अस्सल प्रमाणपत्र निलोफरपाशी, नक्कल गिरणीवर, आठ बाटल्या आंबेमोहर महाविद्यालयाचे कपाटात कुलूपबंद. निलोफरची वर्तणूक चांगली, ऐसे दप्तरी दाखल आहे. अक्काबाईंचे वर्तणुकीविषयी दप्तरी काही नोंद नाही.