गृहपाठानं फिरवलेलं घर

नातीला मोठ्यांशी बोलायची रीतच उरली नाही, अशी दादीची तक्रार होती. चहात साखर जास्त झालीय म्हणावं, तर कार्टी विचारते, "कशावरून?" शेजारीण लबाड आहे म्हणावं, तर, "कशावरून?" अगं, दादीनं म्हटलंय, यावरून! आणखी पुरावा तो काय हवा?

पण तक्रार करायची कुणाकडे? शाळा दादीनंच तर निवडली होती! सकाळी हाफिजसाहेब कुराण शिकवणार आणि दुपारी त्याच खोलीत, तोच फळा पुसून, विज्ञानाच्या बाई. मुलगा तेव्हा म्हणालाही होता, "अम्मी, दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मध्येच पडतो."

"माझी नात नाही पडायची! दीनही शिकेल, दुनियाही! मी जेमतेम सही शिकले, तरी तुझ्यासारखा गाढव वाढवलाच ना?"

परवा हाफिजसाहेब आणि बाई, दोघांनी मिळून एक गृहपाठ दिला. होकायंत्रानं उत्तर दिशा शोधा, तिथून वर्गात शिकवलेल्या कोनाइतकं वळा, आणि आपल्या घरचा किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, बरोबर आहे का ते पाहा.

"आपल्या घरात काय पाहायचंय?" दादी म्हणाली. "इथं राहायला आलो तेव्हा खिडकीतनं सूर्य बघून मी ठरवलीय दिशा. खालची शिवणवालीसुद्धा माझ्यावरून नमाजासाठी जानमाज अंथरते, आणि तिच्यावरून तिची जाऊ!"

नातीनं होकायंत्र लोखंडी पलंगावर ठेवलं, कोनमापक लावला, पुन्हा लावला.

"दादी... तू इतकी वर्षं न्हाणीघराकडे तोंड करून नमाज पढतेयस."

उतू जायला निघालेला चहासुद्धा खाली बसला.

"जानमाज वळवा!" दादीनं फर्मान काढलं. वळवली, तर पुढ्यात लोखंडी कपाट. "कपाट हलवा!" मुलगा आणि सून कपाटाला भिडले. कपाट सरकलं तशी सुईही सरकली! आता किब्ला स्वयंपाकघरात! होकायंत्र खिडकीच्या गजांपाशी नेलं, तर थेट जिन्याकडे! रुसलेल्या जावयासारखी ती सुई कुठेच टिकेना.

"अम्मी, हे कपाटामागे अडकले!" सून ओरडली.

"राहू दे. बाहेर असून तरी काय उजेड पाडतो?"

इतक्यात धडधड ऐकून खालची शिवणवाली वर आली. झाला प्रकार ऐकून तिचा चेहरा उतरला. "आपा, मग मी आजवर पढलेली नमाज?"

दादीला नवरा आठवला. म्हातारा शेवटच्या दुखण्यात पडून होता, तेव्हा त्याची खाट तिनंच फिरवली होती. पडल्यापडल्या नमाज पढताना तोंड बरोबर दिशेला हवं म्हणून. तो हसून म्हणाला होता, "तू म्हणतेस म्हणजे असेल." त्यानं काही तपासलं नव्हतं. तिच्यावर सोडून डोळे मिटले होते.

काळजात टोचलं की दादीच्या तोंडून ओरडणंच बाहेर पडे. "बस झाली शाळा! आजच नाव काढते!"

नातीनं दप्तर छातीशी धरलं. दादीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मुलाला कपाटामागेच सोडून दादी नातीला घेऊन निघाली.

शाळेच्या कचेरीत हाफिजसाहेब आणि बाई एकाच टेबलाशी बसले होते. दादीनं दोघांना एकाच दमात सुनावलं. बाईंनी सगळं ऐकून नातीला विचारलं, "होकायंत्र ठेवलं होतंस कुठं?"

"पलंगावर. लोखंडी."

बाईंनी कात्री होकायंत्राजवळ नेली. सुई गर्रकन फिरली. "लोखंडापाशी ती बहकते. सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. चूक माझी."

"म्हणजे मीच बरोबर!" दादीची मान उंटासारखी वर गेली.

"चला, घरी येऊनच पाहू," हाफिजसाहेब म्हणाले.

मुलाला कपाटामागून सोडवून सगळे गच्चीवर गेले. उघड्यावर सुई शहाण्यासारखी थांबली. बाईंनी कोन मोजला, पुन्हा मोजला. दादीची दिशा चुकली होती. फार नाही, थोडीशीच. पण चुकली होती.

दादी कठड्याला टेकली. "हाफिजसाहेब," तिचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला, "जे गेले, त्यांचं तोंड मी वळवलं होतं."

"मनापासून शोधून वळवलं होतंत ना? मग त्यांची नमाज झाली. तुमचीही झाली, खालच्या ताईंचीही. आता कळलंय, तर यापुढे जरा इकडे वळा. इतकंच."

दादीनं ओढणीनं डोळे पुसले आणि कुणी पाहिलं का, ते पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मग... हिचं नाव काढायचं का?" बाईंनी हळूच विचारलं.

नात दादीकडे बघत उभी होती. दादीनं तिच्याकडे वळून डोळे वटारले.

"माझ्याकडे काय बघतेस? उद्या वेळेवर शाळेत जायचं, सकाळचंही शिकायचं आणि दुपारचंही! अर्धवट शिकलेली या घरात मी एकटी पुरे आहे!"